मोगरा आधी पावसातून उचल

‘मावशी, माझं माहेर सांगोल्याचं. लग्नाला दीड वर्ष झालं. गेल्या वर्षी आकाड पाळायला माहेरी गेले आणि परीक्षेमुळं गौरी-गणपतीपर्यंत तिकडंच राहिले. त्यामुळं कोल्हापूरचा पावसाळा मी यंदा पहिल्यांदाच पुरता बघतेय. कळंब्याच्या बाजूला आमचं बैठं घर आहे, पुढं थोडी बाग आहे. नवरा गोकुळ शिरगावला कारखान्यात जातो, सकाळी सातला निघतो तो अंधार पडल्यावर येतो. घरात मी आणि सासूबाई. दहा-बारा दिवसांत सूर्य दिसलेला नाही. कपडे वाळत नाहीत, बाहेर पडता येत नाही. माहेराहून कुंडीसकट आणलेला मोगरा उन्हाळ्यात ओंजळभर फुलं देत होता, आता त्याची पानं पिवळी पडून गळतायत. मी रोज पाणी घालते, मागच्या आठवड्यात खतही घातलं. सासूबाईंशी भांडण नाही, पण बोलणंही नाही. त्यांचं माहेर प्रयाग चिखलीचं, दिवसभर त्या भावाला फोन करून पाणी किती आलं ते विचारत असतात. मी स्वयंपाकघरात गेले की “राहू दे, मी करते” म्हणतात. मग मी खोलीत येऊन मोबाईल बघत पडते. असा दिवस घालवायचा तरी कसा? पाऊस संपेपर्यंत माहेरी जाऊन राहिले तर चुकेल का?’

तुझं पत्र वाचलं. आधी मोगऱ्याचं सांगते, कारण बाकीच्या गोष्टी आठ-पंधरा दिवस थांबू शकतील, मोगरा थांबणार नाही.

त्याला पाणी घालणं आजपासून बंद. खतही बंद. कुंडीखाली ताटली असेल तर ती काढून टाक आणि कुंडी दोन विटांवर उचलून ठेव, म्हणजे तळाच्या भोकातून पाणी वाहून जाईल. ते भोक बहुधा बुजलेलं असणार, खालून काडी घालून मोकळं कर. मग कुंडी भिंतीलगत अशा जागी सरकव की जिथं उजेड येतो पण पागोळ्या पडत नाहीत. पागोळीखाली कुंडी ठेवणं हे उघड्यावर ठेवण्यापेक्षा वाईट. सगळ्या छपराचं पाणी एका रेषेत पडतं, माती उडते आणि पानांना खालून चिकटते. तुझ्या मोगऱ्याचं एखादं खालचं पान उलटून बघ. मागं चिखलाचे बारीक शिंतोडे वाळून बसलेले दिसतील, आणि त्यांच्याभोवती पानावर तपकिरी डाग. बुरशी तिथूनच धरते. अशी पानं खुडून टाक, कुंडीत पडलेली पिवळी पानंही वेचून काढ.

पान पिवळं पडलं की झाडाला तहान लागली, असं तुला वाटलं, कारण सांगोल्यात ते तसंच असतं. इथं मात्र मुळ्या पाण्यात बुडालेल्या आहेत. मातीच्या कणांमध्ये हवा असते, तिच्यावर मुळ्या जगतात. त्या जागा पाण्यानं भरल्या की मुळ्या गुदमरतात, वर पाणी पोचवू शकत नाहीत आणि पाण्यात उभं असलेलं झाड तहानल्यासारखं दिसतं. आपण आणखी पाणी घालतो. शिवाय कुंडी तू माहेराहून आणलीस म्हणजे मातीही तिकडची काळी असणार. तिकडं काळी माती ओल धरून ठेवते म्हणून सोन्याची. इथल्या जुलैत तीच कुंडीत चिखल होऊन बसते. बोट दोन पेरं आत खुपसून वास घेऊन बघ. आंबूस, नासका वास आला तर वाट बघू नकोस. झाड अलगद काढ, काळ्या पडलेल्या मऊ मुळ्या कात्रीनं काप, आणि तांबडी माती, थोडं जुनं शेणखत व तिसरा हिस्सा जाड वाळू असं मिश्रण करून पुन्हा लाव. तळाशी खापराचे तुकडे घाल. वास चांगला असेल तर माती बदलायच्या भानगडीत पडू नकोस, नुसती कुंडी उचललीस तरी पुरे. फुलं नाहीत म्हणून जीव टांगणीला लावू नकोस. मोगऱ्याचा हंगाम उन्हाळ्याचा. थंडीत फांद्या छाटून टाकशील, फेब्रुवारीत खत घालशील, तेव्हा तो पुन्हा भरेल.

आता या पावसाबद्दल. सांगोला-मंगळवेढ्याकडं वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही खरा सप्टेंबरात, परतीचा. कोल्हापूर शहरात त्याच्या दुप्पट पडतो आणि त्यातला मोठा वाटा एका जुलैत. इथून पश्चिमेला पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात हा आकडा ५००० च्या वर जातो. अरबी समुद्रावरून आलेलं वारं सह्याद्रीला अडून वर चढतं, थंड होतं, आणि बरंचसं पाणी घाटमाथ्यावर व त्याच्या पायथ्याला टाकून मोकळं होतं. उरलंसुरलं घेऊन ते पूर्वेला तुमच्याकडं पोचतं. म्हणजे वारं तेच. तुझ्या आईकडं डाळिंबाला टँकरचं पाणी लागतं आणि तुझ्या सासूबाईंच्या माहेरी घरातली भांडी माळ्यावर चढवावी लागतात, ती या एकाच वाऱ्यानं.

आणि तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ ही चिखलीचीच आहे. तू ती जाता जाता लिहिलीस. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी जिथं एकत्र येतं आणि पंचगंगा होते, त्या संगमावरचं ते गाव. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर आलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोराला पाठ असतात. २०१९ आणि २०२१ साली ते ५५ फुटांच्याही वर गेलं. चिखलीतल्या लोकांना दोन्ही वेळा घरंदारं, जनावरं सोडून बाहेर पडावं लागलं. ज्या बाईचा भाऊ आजही त्या गावात राहतो, ती बाई जुलैत गप्प असते यात तुझा काही संबंध नाही गं. त्यांच्या कानात फक्त पाण्याचा आकडा आहे. तुला तुझ्या माहेरचं कोरडं ऊन आठवतंय, त्यांना त्यांच्या माहेरचं वाढतं पाणी दिसतंय. एका छपराखाली दोघी बायका एकाच पावसानं कासावीस झालेल्या आहेत आणि एकमेकींना त्याचा पत्ता नाही.

तेव्हा सुरुवात तिथून कर. सकाळी चहाचा कप हातात देताना ‘आई, चिखलीत पाणी कुठवर आलंय?’ एवढं विचार. ‘तुम्हाला बरं वाटतंय ना’, ‘काही हवंय का’ असलं मोघम विचारू नकोस, त्याला ‘नको’ हेच उत्तर येतं. नेमकं विचारलं की माणूस नेमकं सांगतो. पाणी कुठल्या गल्लीपर्यंत येतं, जनावरं कुठं नेतात, पुराच्या वेळी कुणाच्या घरी राहिले, त्या सांगतील. दुसऱ्या दिवशी तूच आधी आकडा बघून त्यांना सांग. तसाही मोबाईल हातात असतोच, त्याचा हा एक चांगला उपयोग.

बागेचंही तेच. माझं स्पष्ट मत सांगू? सांगोल्याची बाग कोल्हापूरच्या पावसात जगवण्याची धडपड तू एका मोगऱ्यापुरतीच ठेव. बाकीची जागा इथल्या पावसाच्या फुलांना दे. ती झाडं या दिवसांत काहीच मागत नाहीत.

पहिला सोनटक्का. कोल्हापुरात जुन्या घराच्या मागं, न्हाणीचं पाणी जिथं जातं तिथं सोनटक्का असायचाच. तो आल्या-हळदीच्या नात्यातला, आल्यासारखेच त्याचे कंद असतात, आणि पाणी साचलेली जागा त्याला मानवते. तुमच्या अंगणात जो कोपरा सारखा चिखलाचा असतो, जिथं काही लागत नाही, तीच त्याची जागा. शेजारी कुणाकडं असेल तर हाताएवढा कंदाचा तुकडा मागून आण, त्याला एक-दोन कोंब असावेत, आणि दोन-तीन इंच खोल लाव. यंदा फुलला तर फुलला, पुढच्या श्रावणात नक्की फुलेल. संध्याकाळी त्याची पांढरी फुलं उमलली की वास घरात येतो. दांडा एकदा फुलून गेला की बुडातून कापायचा, शेजारून नवा येतो.

गुलबक्षी तर तुमच्याकडंही होते, ती तुला नवी नाही. दुपारी चार-पाचला उमलते आणि मिऱ्यासारखं काळं बी टाकते. तेरडा लाव, नाहीतर तो आपला आपण उगवेलच. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की ते फुटून बी उडतं. भाद्रपदात इकडं गौर आणतात ती तेरड्याच्या रोपांची, त्यामुळं तो अंगणात असलेला बरा. जुई या दिवसांत फुलते. जास्वंद बारा महिने देते, पण तिच्याही बुडाशी पाणी साचलं की कळ्या गळतात, बुंध्याभोवती मातीचा उंचवटा कर. प्राजक्त असेल तर त्याची फुलं पहाटे गळून चिखलात जातात. रात्री पावसाची उघडीप वाटली तर झाडाखाली जुनं लुगडं पसरून ठेव, सकाळी परडीभर फुलं कोरडी मिळतील. पाऊस असेल तर नाद सोड. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर गेल्या वर्षीच्या तोरणातली सुकलेली फुलं कुठं लटकत असतील ती शोध, त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी काळं काडीसारखं बी असतं. पागोळीपासून लांब, पसरट डब्यात पेर. रोप वीतभर झालं की शेंडा खूड, फांद्या फुटतात.

गुलाबाबद्दल एवढंच की या महिन्यात नर्सरीतून फुललेला गुलाब विकत आणायचा मोह टाळ. पानांवर काळे ठिपके येऊन तो पंधरा दिवसांत उघडा पडतो.

आणि फांद्या लावण्याचे हेच दिवस आहेत. जास्वंद, तगर, कण्हेर, पेन्सिलीच्या जाडीची वीतभर फांदी घ्यायची, खालची पानं काढायची, दोन डोळे मातीत जातील अशी तिरकी खोचायची. हवेत ओल असल्यानं सुकत नाही, मुळ्या फुटतात. सासूबाईंना सांग की त्यांच्या हातानं दोन फांद्या लावून द्या. वयस्क बायकांच्या हाताला गुण असतो असं आपल्याकडं मानतात आणि मी ते मानते. त्यांनी कितीदा तरी लावलेल्या असतात, कुठं कापायची ते बोटांना ठाऊक असतं. पायरीवर बसून त्यांनी कापायच्या, तू खोचायच्या. पाऊस आला तर आत या.

दोन कामं मात्र रोजची लावून घे. संध्याकाळी विजेरी घेऊन गोगलगाई वेचायच्या, त्या एका रात्रीत कोवळं रोप साफ करतात. मीठ टाकून मारू नकोस, माती खराब होते, साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाक. आणि ताटल्या, फुटकी बादली, जुने टायर यांत साचलेलं पाणी ओतून द्यायचं. डेंगीचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात वाढतो.

आता स्वयंपाकघर. ‘राहू दे, मी करते’ याला तू नकार समजलीस. मला तसं वाटत नाही. तू दारात उभी राहून ‘मी करू का?’ विचारत असणार, आणि आपल्याकडच्या कुठल्याही सासूच्या तोंडून त्यावर हेच निघतं, कारण ‘कर’ म्हटलं तर सुनेला कामाला जुंपल्यासारखं होतं. विचारू नकोस, ठरवून सांग. आदल्या रात्री सांग, ‘आई, उद्या दुपारचं मी बघते. आमच्याकडं पावसात हुलग्याचे शेंगोळे करतात, ते करणार आहे. तुमची चटणी त्यात किती घालायची तेवढं मला सांगा.’ यातला शेवटचा प्रश्न विसरू नकोस. वर्षाची कांदा-लसूण चटणी त्यांनी उन्हाळ्यात कांडून आणलेली असते. तिचा रंग, तिचा तिखटपणा त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नाही. तुझ्या आईच्या घरी शेंगोळ्याला काळं तिखट पडतं. इथं रस्सा त्यांच्या चटणीचा होऊ दे आणि शेंगोळे तुझ्या आईचे.

हुलगे घरात नसतील तर लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात मिळतील. निवडून, कोरडेच मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून गिरणीतून दळून आण. या हवेत पीठ महिनाभराचं दळून ठेवू नकोस, आठवड्यापुरतंच आण. ज्वारीचंही तसंच. तुझी भाकरी इथं आल्यापासून चिरते आहे का? चिरत असेल तर दोष तुझ्या हाताचा नसणार. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. उकळत्या पाण्यात भिजवून मळ, जमेल.

तिघांना दोन वाट्या हुलग्याचं पीठ पुरे. त्यात अर्धी वाटी ज्वारीचं आणि मूठभर कणीक घाल, नुसत्या हुलग्याला चिकटपणा कमी असतो. दहा-बारा लसूण पाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या, चमचाभर जिरे पाट्यावर किंवा खलबत्त्यात ठेचून घे. मिक्सर लावू नकोस, त्यात लसणाची पेस्ट होते आणि चावताना लागत नाही. हा ठेचा, हळद, मीठ, थोडा ओवा पिठात घालून घट्ट मळ. सैल झालं तर रस्स्यात विरघळेल. हाताला तेल लावून लिंबाएवढा गोळा तळहातांत लांब वळायचा, करंगळीएवढा जाड, आणि दोन्ही टोकं जुळवून वेढं करायचं. ताटात एकमेकाला चिकटू न देता मांडायचं. पाच-सहा वळून झाले की सासूबाई ताट ओढून घेतील बघ. वळायचं काम एकटीनं केलं की कंटाळवाणं होतं आणि बघणाऱ्याचे हात शिवशिवतात.

मळलेल्या परातीत पाणी घालून ती धुऊन घे, ते पिठाचं पाणी टाकू नकोस. पातेल्यात तेल जरा सढळ हातानं घाल, जिरे, ठेचलेला लसूण तांबूस होऊ दे, गॅस बारीक करून सासूबाई सांगतील तेवढी चटणी, आणि लगेच पाणी. चटणी जळाली की सगळं कडू होतं. सहा वाट्या पाणी, मीठ, दाण्याचं कूट. खळखळून उकळी आली की शेंगोळे एकेक करून कडेनं सोड. पहिली पाच मिनिटं उलथनं लावायचं नाही, लावलंस की मोडतात. मग आच मध्यम करून पंधरा-वीस मिनिटं शिजू दे, शेवटी ते परातीतलं पाणी ओत, रस्सा दाट होतो. एक शेंगोळा काढून मधोमध मोड. आतपर्यंत एकच रंग दिसला, मध्ये कोरडी पांढरट रेघ नसली, म्हणजे शिजला. वरून कोथिंबीर, लिंबू. सोबत इथला भात कर, आजऱ्याचा घनसाळ मिळाला तर फारच छान. चटणीच्या बरणीत ओला चमचा घालू नकोस. या दिवसांत एका ओल्या चमच्यानं वर्षाच्या चटणीला बुरशी येते, आणि ती बुरशी सासूबाई विसरणार नाहीत.

त्यांच्याकडूनही एक मागून घे. आकाड आहे, घरात तळण व्हायला हवं. ‘कापण्या कशा करता?’ विचार. गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून, खसखस लावून, शंकरपाळ्यासारख्या कापून तळतात. गोडाचं त्यांच्या हातचं, तिखटाचं तुझ्या हातचं, असं आठवड्यातून एकदा झालं तरी चालेल. रोज काही विशेष करायला लागू नकोस. बाकीच्या दिवशी पिठलं-भाकरी आणि खर्डा हेच जेवण खरं, पावसात त्याच्यापुढं काही नाही.

बाहेर पडता येत नाही असं लिहिलंस, तर यंदा आकाडातल्या एखाद्या मंगळवारी किंवा शुक्रवारी सासूबाईंबरोबर टेंबलाईच्या टेकडीवर जाऊन ये. पंचगंगेला आलेलं नवं पाणी कलशातून वाजतगाजत त्र्यंबोलीला, म्हणजे टेंबलाईलाच, नेऊन वाहतात, ‘पी ढबाक’ वाद्य वाजत असतं, पोरीबाळी डोक्यावर कलश घेऊन चालतात, आणि पाऊस असला तरी कुणी थांबत नाही. ज्या नदीला लोक वर्षानुवर्षं भितात तिचंच पाणी ते देवीला नेतात. हे तू बघायला हवंस, आणि चिखलीच्या लेकीबरोबर बघायला हवंस.

कपड्यांचं सोपं आहे. दाट कपडे रोज धुवायचे नाहीत, आतल्या खोलीत दोरी पंख्याखाली बांधायची, इस्त्रीनं शेवटची ओल काढायची.

एक गोष्ट मात्र हलकी समजू नकोस. तू खोलीत पडून असतेस, हे दोन ओळींत लिहून पुढं गेलीस. पावसानं आलेली मरगळ चार गोष्टी हातात घेतल्या की सहसा उतरते. पण झोप लागत नाही, जेवण जात नाही, विनाकारण रडू येतं, असं पंधरा दिवसांवर चाललं असेल, आणि ऊन पडलेल्या दिवशीही तसंच वाटत असेल, तर नवऱ्याला स्पष्ट सांग आणि डॉक्टरकडं जा. १४४१६ हा मनाच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारच्या टेली मानसचा फोन आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. नवऱ्याला तसंही सांगायला हवंच. तो सकाळी सातला जातो आणि अंधारात येतो, तुझा दिवस त्यानं बघितलेलाच नाही. रविवारी त्याला फांद्या खोचायला बोलाव.

राहिलं माहेर. जाणं चुकीचं मुळीच नाही, पण पाऊस संपेपर्यंत जाऊन राहू नकोस. पाऊस इथं सप्टेंबरपर्यंत आहे, आणि प्रत्येक वर्षी आहे. यंदा निघून गेलीस तर पुढच्या वर्षी हाच जुलै तुला पुन्हा परका. पंचमीला जा. पंचमीला लेकी माहेरी जातातच, कुणी कारण विचारणार नाही. आठ-दहा दिवस राहा, आईच्या ओसरीवर लोळ, ऊन खा. जाताना गुलबक्षीचं बी पुडीत बांधून ने आणि जास्वंदीची एक-दोन काटकं ओल्या फडक्यात गुंडाळून ने, ती तिकडंही लागतील. सोनटक्का नेऊ नकोस, तो सांगोल्यात तगणार नाही. गौरीच्या आधी परत ये. पहिल्या दिवशी गौरीला शेपूची भाजी आणि भाकरी लागते, आणि गेल्या वर्षी तू त्या दिवशी घरात नव्हतीस. येताना आईकडून हुलगे नाही आणलेस तरी चालेल, काळं तिखट मात्र पावशेर तरी आण. सासूबाईंना एकदा त्याचा रस्सा करून वाढ.